मोतीचे खाते

सांगलीच्या मार्केट यार्डात बेदाण्याची अडत असलेल्या एका घरात दिवाळीच्या वहीपूजनाला एक आगळे खाते उघडण्यात आले. नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक काढून झाले, पहिल्या पानावर 'श्री' लिहून झाले आणि घरखर्चाच्या खतावणीत सर्वांत शेवटी आण्णांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिले – 'मोती खाते'. मुलांनी एकमेकांकडे पाहून हसू दाबले, कारण मोती हे घरातल्या कुत्र्याचे नाव. आण्णांना मात्र त्यात विनोदाचे काही वाटले नाही. ज्याच्या नावे नियमित खर्च पडतो त्याचे खाते स्वतंत्र असावे, म्हणजे पैसा कोठे गेला हे वर्षाअखेरीस शोधत बसावे लागत नाही, हा त्यांचा चाळीस वर्षांचा शिरस्ता होता.

मोती दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात घरी आला. दुकानामागच्या पत्र्याखाली भिजून कुडकुडणारे ते पिलू नातीने ओढणीत गुंडाळून आणले. आक्कांचा चौका शुद्ध; चातुर्मासात मुनिमहाराजांचा आहार त्या घरी होत असे. त्यामुळे कुत्रे घरात घ्यायचे की नाही यावर दोन दिवस चर्चा झाली. दाराशी आलेल्या जिवाला भाकरी घालणे वेगळे आणि त्याला घरात ठेवणे वेगळे, असे आण्णांचे म्हणणे. शेवटी आक्कांनीच निकाल दिला : "स्वयंपाकघराचा उंबरा तो ओलांडणार नाही, त्याची भांडी वेगळी राहतील. पण आता त्याला परत पावसात सोडायचे नाही." तेव्हापासून मागील पडवी मोतीची झाली. पुढे तो चौदा किलोंचा, तांबूस रंगाचा, देखणा गावठी कुत्रा झाला. आणि सर्वांत जास्त लळा लागला तो आण्णांनाच.

पहिली लस टोचण्यासाठी नेले तेव्हा डॉक्टरांनी आहाराची चौकशी केली. वरण-भात, दूध-पोळी असे उत्तर मिळाल्यावर ते म्हणाले, "कुत्रा शाकाहारावर राहू शकतो. मांजरासारखी त्याची अडचण नाही. पण नुसत्या दूध-पोळीवर त्याचे पोषण पुरे होत नाही. प्रथिने, कॅल्शियम, जीवनसत्त्वे यांचे प्रमाण नीट जुळलेले तयार शाकाहारी खाद्य मिळते, ते मुख्य जेवण म्हणून द्या. घरचा खाऊ हौसेपुरता. दिवसभराच्या आहाराच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको." माणसाच्या सोबतीने राहता राहता कुत्र्याच्या शरीराने पिष्टमय अन्न पचवण्याची शक्ती कमावली. स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिले की पिष्ट पचवणाऱ्या अमायलेज या पाचकरसाच्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी अधिक असतात. भाकरीचा तुकडा टाकून माणसाने कुत्रा जोडला, या जुन्या समजुतीला विज्ञानाने जणू दुजोराच दिला.

मुख्य जेवणाचा प्रश्न असा सुटला. खाऊचा प्रश्न मात्र अनपेक्षितपणे उभा राहिला. नात दुकानातून चघळण्यासाठी म्हणून हाडाच्या आकाराची एक पांढरी कांडी घेऊन आली. आक्कांनी चष्मा लावून वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचली. ती कांडी जनावराच्या कच्च्या चामड्याची होती. दुसऱ्या पाकिटात कोंबडीचे मांस होते, तिसऱ्यात अंडे. आक्कांनी तिन्ही पाकिटे मुकाट्याने परत पाठवली. शोधून काढलेले शाकाहारी बिस्कीट १८० रुपयांना एक पाकीट पडे आणि महिन्याला चार पाकिटे लागत. "कणीक, डाळीचे पीठ आणि भोपळा यांचे हे एवढे पैसे?" असे म्हणून आक्कांनी पदर खोचला. घरगुती खाऊचा उगम असा तत्त्वातून झाला. बचत मागाहून आली.

आक्कांची कृती साधी होती. दोन वाट्या कणीक, एक वाटी नाचणीचे पीठ, एक वाटी शिजवून घोटलेला तांबडा भोपळा आणि दोन चमचे भाजलेल्या शेंगदाण्यांचे वाटण. मीठ नाही, साखर-गूळ नाही, सोडा नाही. पीठ पुरीसारखे घट्ट मळायचे, जाडसर लाटून लहान चौकोन कापायचे आणि ओव्हनमध्ये १७० अंश सेल्सिअसला तीस-पस्तीस मिनिटे भाजायचे. मग ओव्हन बंद करून त्याच उष्णतेत तासभर वाळू द्यायचे, म्हणजे ती कडक होतात. ओव्हन नसेल तर मंद तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस करूनही चालते. चौदा किलोंच्या मोतीला दिवसाला दोन किंवा तीन चौकोन पुरत.

पुस्तकी कृतींत गाजर, रताळे, अंडे, मध यांचा उल्लेख हटकून असतो. कंदमुळे घरात येत नाहीत, मध आणि अंडे तर नाहीच. आक्कांनी गाजराऐवजी भोपळा, रताळ्याऐवजी दुधी आणि उन्हाळ्यात गार काकडीच्या चकत्या अशी सोय लावली. काही वेळा डाळीच्या पिठाचे चौकोन होत. त्या दिवशी मोतीच्या वाटीत दही पडत नसे, कारण द्विदलाचा नियम आक्कांचा हात आपोआप पाळी. पिठाची मर्यादाही त्यांनी मोतीला लावली होती : हिवाळ्यात सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन. त्याहून जुन्या पिठाचा खाऊ होत नसे आणि झालेला खाऊही त्या बेताने थोडाच होई. दमट हवेत पिठाला आणि खाऊला बुरशी चटकन धरते आणि बुरशीचे विष कुत्र्याच्या यकृताला घातक असते, हे कळण्याआधीपासून हा नियम त्या घरात चालू होता.

संध्याकाळचे जेवण मोतीलाही सूर्यास्तापूर्वीच मिळे. मात्र पाण्याची वाटी रात्रभर भरलेली असे. व्रत माणसाने घेतलेले असते, मुक्या जिवाने नाही, हे आक्का जाणून होत्या. अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सांगितले आहेत, त्यांत प्राण्याला बांधून ठेवणे आहे, मारणे आहे आणि अन्न-पाणी रोखणे हेही आहे. ज्याच्या गळ्यात पट्टा आहे त्याला स्वतःचे पाणी स्वतः शोधता येत नाही.

खाऊपाठोपाठ इतर वस्तूही घरीच होऊ लागल्या. दुकानात १,४०० रुपयांना मिळणाऱ्या गादीऐवजी आक्कांनी शेजारच्या हळदीच्या अडतीतून दोन रिकामी पोती आणली, धुऊन कडक उन्हात वाळवली, जुन्या सुती साड्या आत भरल्या आणि वर काढता-घालता येईल असा अभ्रा शिवला. दोरा आणि अभ्र्याचे कापड मिळून खर्च ६० रुपये. दर आठ दिवसांनी अभ्रा गरम पाण्यात निघे आणि गादी उन्हात पडे, म्हणजे गोचीड-पिसवांना थाराच मिळत नसे. आण्णांच्या जुन्या धोतराच्या तीन पट्ट्यांची घट्ट वेणी घालून, दोन्ही टोकांना गाठी मारून ओढाओढीचे खेळणे झाले. त्याचे धागे सुटू लागले की ते टाकून नवे करायचे, ही सुनेची दक्षता. कारण गिळलेला लांब धागा कुत्र्याच्या आतड्यात अडकला तर शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर राहत नाही. पुठ्ठ्याच्या रिकाम्या खोक्याच्या पिना आणि चिकटपट्ट्या काढून, आत चुरगळलेल्या कागदांत खाऊचा एक तुकडा लपवला की मोती अर्धा तास गुंग होई.

दर महिन्याच्या अखेरीस आण्णा 'मोती खाते' काढून बसत. बाजारातून खाऊ आणला असता तर ७२० रुपये, घरी सामान आणि वीज धरून १६०, बचत ५६०. हा आकडा लाल शाईने लिहिताना त्यांच्या चेहऱ्यावर एखादा अवघड सौदा जमल्याचे समाधान असे. यार्डातील मित्रांना ते मोठ्या उत्साहाने सांगत, "कुत्रा पाळणे ही श्रीमंतांची हौस नव्हे. हिशेब असला की कोणालाही परवडते."

आषाढात शेंगदाण्याचा भाव चढला. त्याच सुमारास दुकानात नमुन्यांचा काळा बेदाणा बराच साठला होता. सौद्याच्या वेळी पेट्यांतून काढलेले हे मूठ-मूठ नमुने विकले जात नाहीत आणि टाकवतही नाहीत. आण्णांच्या व्यापारी मनाने दोन्ही गोष्टी जोडल्या. एका संध्याकाळी ते कागदाच्या पुडीत बेदाणा घेऊन आले. "अगं, शेंगदाण्याऐवजी हा घाल. गोडी येईल, खर्च शून्य."

सुनेने फ्रिजकडे बोट दाखवले. पुण्याला शिकायला जाण्यापूर्वी नातीने कुत्र्याला वर्ज्य पदार्थांची यादी लिहून तेथे चिकटवली होती. कांदा, लसूण, चॉकलेट, चहा-कॉफी, साखरमुक्त गोळ्यांतील झायलिटॉल. आणि त्यातच पाचवी ओळ – द्राक्षे व बेदाणे.

आण्णा हसले. "कांदा-लसूण घरात नाहीच. आणि बेदाण्याचे म्हणशील तर तीन पिढ्या या घराची चूल बेदाण्यावर पेटली आहे. बाळंतिणीला देतात, आजाऱ्याला देतात. त्याने कुत्र्याला काय होणार?"

त्या बोलण्यात काटकसर होती, पण तिच्याहून मोठा होता तो अभिमान. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आण्णांनी यार्डात पेढे वाटले होते. आपला माल कोणाला अपाय करील ही कल्पनाच त्यांना मानवणारी नव्हती. सुनेने पुढे शब्द वाढवला नाही. आक्कांनीही बेदाणा निवडून, धुऊन, जाडसर वाटून पिठात घातला. मोतीने तो आवडीने खाल्ला. तीन आठवडे काही झाले नाही, आणि काही न झाल्यामुळे आण्णांचा विश्वास अधिकच पक्का झाला. महिनाअखेरीस खात्यात नोंद पडली : शेंगदाण्याऐवजी दुकानचा बेदाणा, जादा बचत रुपये ४०.

दोनच दिवसांनी आक्कांनी नवा खाऊ केला. पाऊस कोसळत होता; पुन्हा पुन्हा ओव्हन लावायला नको म्हणून त्यांनी नेहमीच्या दुप्पट पीठ मळले, बेदाणाही दुप्पट घातला आणि ताट निवण्यासाठी पडवीतल्या फळीवर ठेवले. रात्री केव्हातरी मोतीने ते ओढून पाडले. सकाळी ताट उलटे पडले होते आणि निम्म्याहून अधिक चौकोन नाहीसे झाले होते. सारे हसले. दुपारी मोतीने पहिली उलटी केली.

"अति खाल्ले, दुसरे काय," आण्णा म्हणाले. "आज लंघन घडू द्या. एवढ्यासाठी डॉक्टरांकडे जाऊन पाचशे रुपये घालवायला नकोत."

संध्याकाळपर्यंत तीन उलट्या झाल्या. मोतीने पाण्याला तोंड लावले नाही. आण्णांची स्कूटर दारात थांबली की धावत येणारा तो कुत्रा गादीवरून उठला नाही. केवळ शेपटीचे टोक हलले. उलटी पुसताना सुनेला त्यात बेदाण्याचे फुगलेले तुकडे दिसले. तिने कोणालाही न विचारता पुण्याला फोन लावला. नात फोनवरच रडू लागली. "आई, पाचवी ओळ वाच. रिक्षा बोलाव आणि आत्ता, या क्षणी घेऊन जा."

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो वेळेचा. ताट रात्री रिकामे झाले हे ऐकून त्यांचा चेहरा गंभीर झाला. "पोटात जाऊन तास-दोन तासच झाले असते तर उलटी करवून बरेचसे बाहेर काढता आले असते. आता ते रक्तात गेले आहे. मूत्रपिंडे वाचवणे एवढेच हातात आहे." रक्त तपासले. क्रिएटिनिन वाढलेले होते. पुढच्या पायाच्या शिरेत सुई बसली आणि सलाइन सुरू झाले. ते दोन दिवस अखंड चालणार होते. लघवी किती होते याची दर काही तासांनी नोंद ठेवायची होती. ती थांबली तर आशा थोडी, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले.

आण्णांनी अडखळत विचारले, "पण डॉक्टर, तीन आठवडे खात होता की. तेव्हा कसे काही झाले नाही?"

"त्यातच फसगत आहे, आण्णा. एखादा कुत्रा मूठभर खाऊन सुटतो, एखादा चार दाण्यांनी दगावतो. कोणत्या फळात घातक द्रव्य किती, हे बाहेरून दिसत नाही. सुरक्षित म्हणावे असे प्रमाणच सांगता येत नाही. म्हणून एक दाणा पोटात गेला तरी फोन करायचा असतो."

द्राक्षे-बेदाण्यांमुळे कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात हे पशुवैद्यकांच्या ध्यानात आले ते या शतकाच्या आरंभी. कारण मात्र दीर्घकाळ उमगले नव्हते. २०२१ मध्ये अमेरिकेतील प्राणी-विषबाधा केंद्राच्या तज्ज्ञांनी टार्टारिक आम्ल आणि त्याच्या क्षाराकडे बोट दाखवले. द्राक्षात ते मुबलक असते आणि कुत्र्याचे मूत्रपिंड ते माणसाप्रमाणे बाहेर टाकू शकत नाही, असे या मताचे सार आहे. बेदाणा म्हणजे पाणी काढून घेतलेले द्राक्ष. साहजिकच तेवढ्याच वजनात आम्ल कितीतरी अधिक. चिंचेतही हेच आम्ल भरपूर असते. म्हणजे चिंच-गुळाची आमटी कालवलेला भात कुत्र्यापुढे टाकणेही निर्धोक नाही. कांदा-लसूण न खाणारे घर त्या दोन पदार्थांच्या विषबाधेपासून आपसूक वाचते, कारण ते कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींचा नाश करतात. परंतु शिऱ्यातला, पुलावातला, प्रसादाच्या वाटीतला बेदाणा त्याच घरात प्रेमाने पुढे केला जातो.

दवाखान्याच्या बाकावर त्या रात्री आण्णा बसून राहिले. मुलाने घरी चलण्याचा आग्रह केला. ते उठले नाहीत. गेली कित्येक वर्षे मंदिरातील स्वाध्यायात न चुकता बसणारा तो माणूस. मारण्याची इच्छा नसेल तर हिंसा कशी, हा प्रश्न तेथे नवखे लोक विचारत आणि आण्णाच त्यांना समजावत की हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद आहे. असावधपणे, बेपर्वाईने दुसऱ्याच्या प्राणाला पीडा झाली तर 'माझ्या मनात नव्हते' हे उत्तर पुरेसे नाही. दुसऱ्यांना शंभरदा सांगितलेले ते वाक्य आता त्यांच्यासमोर सुई टोचलेला पाय लांब करून पडले होते. चामड्याची कांडी परत पाठवणारे घर, पिठाची मर्यादा पाळणारे घर; त्याच घरात फ्रिजवर लिहिलेली एक ओळ हसण्यावारी नेली गेली. माहिती नव्हती असेही म्हणता येत नव्हते. माहिती होती आणि चाळीस रुपये वाचत होते.

दुसऱ्या दिवशी आक्का डबा घेऊन आल्या. बराच वेळ दोघे काही बोलले नाहीत. मग आण्णा म्हणाले, "तू नको म्हणाली असतीस तर मी ऐकले असते."

"अहो, ऐकले नसते," आक्का शांतपणे म्हणाल्या. "आणि मीही म्हटले नाही. माझ्या हाताने मळले आहे ते पीठ. दोघांनी वाटून घ्यायचे आहे हे."

तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन उतरू लागले. लघवी थांबली नव्हती. मोतीने चार घोट पाणी प्यायले आणि आण्णांच्या तळव्यावर जीभ फिरवली. डॉक्टरांनी घरी न्यायला परवानगी दिली. आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा रक्त तपासले, तेव्हा ते ठीक आढळले. दवाखान्याचे एकूण बिल १३,४५० रुपये झाले.

त्या रात्री आण्णांनी खाते काढले. नऊ महिन्यांची खाऊची बचत ५,०८० रुपये. गादीची १,३४०. दोन खेळण्यांची ५००. एकूण ६,९२०. समोर दवाखाना १३,४५०. शिल्लक उणे ६,५३०. मुलगा मागे उभा होता. तो म्हणाला, "म्हणजे शेवटी विकतचाच खाऊ स्वस्त."

आण्णांनी मान हलवली. "नाही. हिशेब नीट वाच. भोपळ्याने एक पैशाचा तोटा केला नाही. पोत्याच्या गादीने केला नाही, धोतराच्या वेणीने केला नाही. त्यांत खर्ची पडला तुझ्या आईचा वेळ आणि तिचे श्रम. तोटा केला तो या एकाच ओळीने, आणि तिची किंमत मोजली मोतीने." त्यांनी ४० रुपयांच्या नोंदीवर बोट ठेवले.

व्यापारात फुकटचा माल असा नसतोच. त्याची किंमत कोणीतरी, कोठेतरी भरत असते. आपल्या कष्टाने वाचवलेला पैसा ही काटकसर असते. आश्रिताच्या पोटातून, त्याच्या औषधातून वा त्याच्या अन्नातून वाचवलेला पैसा ही काटकसर नसून त्याच्याकडून न विचारता घेतलेली उचल असते, आणि ती व्याजासह फेडावी लागते. घरगुती खाऊ, घरगुती गादी, घरगुती खेळणे यांत बचत करण्याचा गृहस्थाला पूर्ण अधिकार आहे. मुख्य आहार, दरवर्षीची रेबीजची लस, जंताचे औषध आणि आजारात वेळेवर गाठलेला दवाखाना या जागा बचतीच्या नव्हेत. या दोन रकान्यांतील रेघ पुसली गेली की हिशेब बिघडतो, आणि तो पैशापुरता बिघडत नाही.

घरगुती खाऊ बंद झाला नाही. शेंगदाण्याचे वाटण परतले, भाव चढलेला असतानाही. पण काही शिस्ती नव्या लागल्या. नवा जिन्नस पिठात घालण्यापूर्वी डॉक्टरांना विचारायचे. एका वेळी थोडाच खाऊ करायचा आणि तो घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात उंचावर ठेवायचा. दुकानातून आल्यावर आण्णा खिसे झटकूनच पडवीत जातात. नमुन्याचे दोन-चार दाणे खिशात राहण्याची त्यांची जुनी सवय. नातीची यादी आता मोठ्या अक्षरात लिहून पडवीत लागली आहे, तिच्याखाली डॉक्टरांचा फोन क्रमांक आहे, आणि पाचव्या ओळीत 'चिंच' हा शब्द आण्णांनी स्वतः जोडला आहे. नमुन्याचा बेदाणा हमाल आणि दिवाणजी यांच्या घरी जातो, मुलांना.

खात्यातही बदल झाला. पूर्वी महिन्याची बचत घरखर्चात विरून जात असे. आता ५६० रुपये दरमहा 'मोती औषध निधी' म्हणून बाजूला निघतात. दवाखान्याची तूट भरून निघायला वर्षभर लागेल. पुढे जमेल ती शिलकीची रक्कम लस, तपासणी आणि म्हातारपण यांसाठी तरतूद म्हणून राहील. त्यातूनही उरले तर पांजरपोळ. "त्याच्या नावाने वाचले ते त्याचेच," आण्णा म्हणाले. "मी केवळ ठेवीदार सांभाळतो आहे."

भाद्रपदात दशलक्षण पर्व आले. दहा दिवस आण्णांचे एकभुक्त होते. क्षमावाणीच्या दिवशी मंदिरातून परतल्यावर त्यांनी घरातल्या थोरांना, धाकट्यांना, सुनेला हात जोडले. सून संकोचून मागे सरली. "नको, आण्णा." "तू बोट दाखवले होतेस आणि मी हसलो होतो," एवढेच ते म्हणाले. मग पुण्याला फोन करून नातीशी बोलले. आणि मग पडवीत गेले. मोती गादीवरून उठून आला. आण्णा जमिनीवर बसले, त्यांनी हात जोडले आणि बराच वेळ तसेच बसून राहिले. सर्व जिवांची क्षमा मागणारे शब्द ते दरवर्षी मंदिरात म्हणत आले होते. या वर्षी त्या 'सर्व जिवांना' एक नाव होते. मोतीने त्यांच्या गुडघ्यावर पंजा ठेवला, तो बहुधा खाऊच्या आशेने. सूर्यास्ताला अजून अवकाश होता. आक्कांनी आतून एक चौकोन पुढे केला.

येत्या दिवाळीला नवी वही येईल. मुलाने सुचवले की जुन्या खात्यातील ती बेदाण्याची ओळ खोडून टाकावी. पाहिली की उगाच मनाला लागते. आण्णांनी नकार दिला. वहीत खाडाखोड करायची नसते. चुकीची नोंद जागेवर राहू द्यायची आणि समोर दुरुस्तीची नोंद लिहायची, हे त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवले होते. म्हणून आषाढाच्या पानावर डावीकडे 'बेदाणा, बचत रुपये ४०' ही ओळ तशीच आहे. उजवीकडे दवाखान्याची रक्कम आहे आणि तिच्यापुढे, जेथे एरवी मालाचे नाव लिहितात त्या जागी, आण्णांच्या वळणदार अक्षरात एकच शब्द आहे – 'प्रमाद'.